सैल जुडी

मंगरूळच्या गुजरीत, रोजच्या भाजीबाजारात, पुंजाजीच्या वाडीचा सांबार लांबून ओळखू येई. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमच्याकडे कोणी कोथिंबीर म्हणालं तर लोक आधी त्याचं गाव विचारतात. चाळीस जुड्या, सगळ्या एका मापाच्या, मुळं एका रेषेत, अंबाडीच्या सुताचे दोन वेढे आणि गाठ आत दडवलेली. बांधायची त्याची बायको जिजा, आणि नाव व्हायचं पुंजाजीचं. कारण रोज सकाळी टोपलं भरायच्या आधी तो एकेक जुडी हातात घेऊन दाबून बघायचा. सैल लागली की सोडायची, पुन्हा बांधायची, आणि बांधता बांधता तोंडाचा पट्टा चालू.

"जिजे, ही जुडी हाये का झाडू? हेच शिकवलं का वं तुह्या मायनं?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं जिजा रडली, पुढची दोन भांडली, आणि मग अशी बांधायला शिकली की त्याला सैल जुडी सापडेच ना. तरी दाबून बघायचं काही तो सोडत नव्हता.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर पुंजाजी गप्प झाला. कारण काही नव्हतं, आणि हेच लोकांना पटेना. विहिरीला पाणी होतं, वांगी लागली होती, दोन्ही पोरी शाळेत जात होत्या. तरी माणूस अंथरुणातून उठून बाजेवर बसायचा आणि बसलेलाच राहायचा. ताटातली भाकर चिवडायचा. जुड्यांकडे बघायचासुद्धा नाही. खोटं कशाला सांगा, जिजाला आधी बरंच वाटलं. आठ दिवस कटकट नाही म्हणून ती सुखानं टोपलं भरत होती. नवव्या दिवशी तिनं भरलेलं टोपलं खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसली.

"काय होऊन राह्यलं तुमाले?"

"काई नायी."

"काई दुखते का?"

"काई नायी म्हनलं ना."

मग घरातल्यांनी आपापले उपाय काढले. सासू सीताबाई दर गुरुवारी त्याला दर्ग्यावर नेऊ लागली, तिथून आणलेला काळा दोरा तिनं त्याच्या दंडावर बांधला. धाकटा भाऊ नथ्थू म्हणाला, बसून बसून डोकं सडते, याले कामाले लावा. त्यानं भावाच्या हातात फावडं दिलं आणि वांग्याला पाणी द्यायला उभं केलं. पुंजाजी उभा राहिला. पाणी एकाच वाफ्यात जात राहिलं, वाफा फुटला, पाणी रस्त्यावर आलं, आणि हा फावड्यावर हात ठेवून तसाच उभा. नथ्थूनं कपाळावर हात मारून घेतला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं. तोही कमी हट्टी नव्हता.

पौषात एके सकाळी जिजा पाणी आणायला विहिरीवर गेली, तर पुंजाजी काठावर पाय आत सोडून बसलेला. तिच्या हातातली घागर सुटली. तिनं मागून त्याच्या दोन्ही काखांत हात घातले आणि ओढून त्याला मागे घेतलं.

"काय करून राह्यले होते?"

"पानी पाह्यत होतो."

त्या दिवशी जिजा भ्याली, आणि ती भीती पुढे कितीतरी दिवस तिला सोडून गेली नाही. विहीर घराच्या दारातच होती. माणसाला किती वेळ राखणार?

सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर देवमन तिच्याकडून रोज भाजी घ्यायचा. तिनं त्याला सांगितलं. देवमन म्हणाला, "वहिनी, हा आजार हाये. जसा टायफाइड, तसा. अकोल्याले याचा डॉक्टर बसते. उद्याच्या पह्यल्या यष्टीनं न्या."

अकोल्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ घेतला. झोप, भूक, घरात पूर्वी कोणाला असं झालं होतं का, सगळं विचारलं. विहिरीचंही विचारलं, अगदी सरळ, आणि पुंजाजीनं मान खाली घालून हो म्हटलं. मग ते जिजाकडे वळले.

"बाई, गोळ्या देतो. पंधरा-वीस दिवस काही फरक दिसणार नाही. तोंड कोरडं पडेल, हात थरथरतील. तेवढ्यावरून बंद करायच्या नाहीत. बरं वाटलं तरी निदान सहा महिने चालू ठेवायच्या. विहिरीकडे एकटं जाऊ द्यायचं नाही. आणि पुढच्या वेळी मला 'बरं आहे' असं सांगू नका. सगळे तसंच म्हणतात, डॉक्टरला बरं वाटावं म्हणून. हा माणूस रोज करायचा आणि आता करत नाही, अशी एक गोष्ट सांगा. तिच्यावर नजर ठेवा."

जिजानं विचार केला. जेवतो का, काम करतो का, हे नथ्थूही बघत होता. तिनं सांगितलं, "माह्या जुड्या दाबून पाह्ये. सैल असली का मले बोले."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

घरी आल्यावर जिजाच्या लक्षात एक घोळ आला. तिची जुडी आता सैल यायचीच नाही, मग त्यानं धरायचं काय? दुसऱ्या दिवसापासून ती चाळीसमधली एक जुडी मुद्दाम सैल बांधू लागली. कधी वर ठेवायची, कधी मधे, कधी पार तळाला. मग टोपलं त्याच्यासमोर सरकवायचं आणि आपण चुलीकडे तोंड करून बसायचं, कान मागे. आणि कोणाला सांगायचं नाही. सीताबाईला कळलं असतं तर तिनं सुनेचंच डोकं दाखवायला नेलं असतं.

पंधरा दिवस काही नाही. त्याच्या तोंडाला कोरड पडे, हात थरथरत, आणि सैल जुडी तशीच गुजरीत जाई. गिऱ्हाइकं बोलू लागली. जिजा ऐकून घ्यायची. एकोणिसाव्या दिवशी मागून सूत सोडल्याचा आवाज आला.

"जिजे, हे काय बांधलं? वाटेतच सुटन ना ही."

जिजा चुलीपुढेच रडली. धुराचं निमित्त होतंच.

मग रोज सापडू लागली. फाल्गुनात तो जेवायला लागला, पोरींशी बोलायला लागला, वाफे फुटायचे थांबले. आता यश कोणाचं, यावर घरात वाद. सीताबाई म्हणे दोऱ्यानं गुण आला. नथ्थू म्हणे मी कामाला लावलं म्हणून. जिजा म्हणे गोळ्या. आणि मनातून तिलाही ठाऊक होतं की आपणही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वाडीत एकाच वेळी खत बदललं, बियाणं बदललं आणि पाणी वाढवलं, तर वांगं कशानं मोठं झालं ते कोण सांगणार? एक वाफा तसाच ठेवावा लागतो. पण वाफे दहा असतात. नवरा एकच होता.

चैत्रात पुंजाजीनंच विषय काढला. "गोळ्या बंद कर. हात थरथरते. मले जुडी बांधता येत नायी धड."

"सा महिने म्हनलं हाये डॉक्टरनं. तीनच झाले."

"बरा झाला ना तो," सीताबाई म्हणाली. "बऱ्या मानसाले औषध कायले?"

"आत्याबाई, मंग एकेक काढून पाहू. पंधरा दिवस दोरा काढा, गोळ्या ठेवा. कायनं गुण आला ते कळन तरी."

"दोऱ्याले हात लावायचा नायी."

"मंग भाऊजी, तुमी त्यायले पंधरा दिवस कामावरून सोडा."

"वा! अन् पुन्ना बसून राह्यला तं?" नथ्थू म्हणाला.

म्हणजे काढण्यासारख्या उरल्या फक्त गोळ्या. आणि ज्याच्या पोटात जायच्या तोच नको म्हणत होता. जिजा एकटी पडली. गोळ्या बंद झाल्या.

आठ दिवसांत हात थरथरायचे थांबले. जिजा सैल जुडी ठेवतच राहिली, आणि पुंजाजी ती धरतच राहिला. "जिजे, डोये फुटले का?" रोज तेच. तीन आठवडे गेले. जिजाला वाटू लागलं की सासूच खरी असावी. तिनं दोऱ्याला एकदा मनातून हातही जोडले. आपलं चुकलं असेल तर चुकू दे, माणूस बरा आहे ना, एवढंच तिला हवं होतं.

वैशाखातल्या एका सकाळी सैल जुडी तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं इतकी सैल बांधली की आंधळ्यालाही कळावी, आणि अगदी वर ठेवली. या वेळी ती चुलीकडे वळली नाही. पुंजाजीनं जुडी उचलली, दाबली, तिच्याकडे पाहिलं आणि टोपल्यात ठेवून दिली.

"चांगली हाये," तो म्हणाला.

जिजानं पदर खोचला. "कपडे घाला. अकोल्याले जायचं हाये."

घरात कल्लोळ झाला. जेवते ना तो, काम करते ना, रात्री झोपते ना, मग अकोला कशाला? जिजाला जुडीचं सांगावं लागलं. नथ्थू बघतच राहिला. "वहिनी, जुडीवरून कोनी मानसाले बिमार ठरवते का?"

"मी ठरवतो," जिजा म्हणाली. वऱ्हाडात बाया अशाच बोलतात, मी जातो, मी करतो. पण त्या दिवशी ती खरंच घरातला कर्ता पुरुष असल्यासारखी बोलली. पुंजाजी आपणहून तिच्या मागून यष्टीत चढला, आणि तिला नवल वाटलं ते त्याचंच. तिला वाटलं होतं ओढत न्यावं लागेल.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतं?"

"बरा हाये."

जिजानं सगळं सांगितलं, गोळ्या कधी बंद केल्या तेही, मान खाली घालून. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पुंजाजीला विचारलं, "जुडी सैल होती हे तुमच्या लक्षात आलं नाही का?"

पुंजाजीनं आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"आलं होतं. पह्यलेपासूनच येऊन राह्यलं होतं."

जिजानं मान वर केली.

"इच्या हातची जुडी आठ वर्सांत सैल आली नायी. आता रोज एक सैल, अन् एकच. कोनाले समजनार नायी, साहेब? पह्यल्यांदा खराच राग आला होता. चार-सा दिवसांत समजलं का ही मुद्दाम ठेवते. मी बोललो का तिचा चेहरा फुले. म्हनून मी बोलत राह्यलो."

"आणि गोळ्या बंद केल्यावर?"

"पंधरा दिवस बरं होतं. मंग पुन्ना तसंच. सकायी उठलं का विहिरीकडेच पाय वळे. तरी जुडी धरत होतो. तिले बोलत होतो."

जिजाला तीच पौषातली भीती पुन्हा धरली. म्हणजे आठ दिवस, ती खुशीत टोपलं उचलून गुजरीला जात होती तेव्हा, मागे विहीर होती आणि हा होता. तिच्या मापानं तिलाच फसवलं होतं.

"मंग काल काहून सोडली?" तिनं विचारलं.

"तोंडानं सांगता येत नोव्हतं." पुंजाजीनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "म्हनलं, जुडी सोडून देतो. तुले कळन."

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या, मात्रा जरा कमी, हात थरथरू नयेत म्हणून. दोरा राहू द्या, काम राहू द्या, म्हणाले, त्यांचं माझं काही भांडण नाही. गोळ्यांनीच गुण येतो हे एवढ्यावरून मीही शपथेवर सांगणार नाही, पण बंद केल्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंत. आणि बाई, आता ती जुडी पुरे. यांनाच विचारत जा.

त्या आठवड्यात नथ्थूनं विहिरीच्या तोंडावर लाकडी झाकण बसवलं आणि कुलूप घातलं. वहिनीशी तो दोन दिवस बोलला नाही, पण किल्ली तिच्याच हातात दिली. सीताबाईनं रोज सकाळी गोळी स्वतः द्यायला सुरुवात केली, दोऱ्याला लावून.

अकोल्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी जिजानं चाळीस जुड्या बांधल्या आणि टोपलं त्याच्यासमोर ठेवलं. पुंजाजीनं एकेक दाबून बघितली. चाळिसावी ठेवून तो थांबला.

"आज एक बी सैल नायी?"

"नायी," जिजा म्हणाली. "आता तोंडानं सांगा."

तो शेवटच्या जुडीचं सूत चाचपत बसला. तिनंही घाई केली नाही. ऊन ओट्यावर आलं, सांबार सुकायला लागला, गुजरी भरायची वेळ होऊन गेली.

"आज बरं नायी मले," पुंजाजी म्हणाला.

जिजानं टोपलं बाजूला सारलं आणि त्याच्याजवळ बसली. त्या दिवशी गुजरीला नथ्थू गेला.