दोन किलोमीटर तार

ऋषीचा फोन आला तेव्हा सुभाषराव चहात पाव बुडवत होते. पाव कपात पडला आणि तिथेच राहिला.

"काका, दिवाळे गावात एका कोळणीकडे आपली जुनी स्लीव्ह सापडलीय. नेरुळहून तुम्हाला जवळ. पुस्तक उद्या छापायला जातंय, आज ओळख पटवून फोटो पाठवाल?"

ऋषी त्यांच्या जुन्या नौदल स्क्वाड्रनचा इतिहास लिहीत होता. लढाऊ बिढाऊ नव्हे हं, पडेल ते काम करणारं स्क्वाड्रन. विमानामागे दोन किलोमीटर तारेवर कापडाची लांब नळी, म्हणजे स्लीव्ह, ओढत न्यायची आणि खालच्या जहाजांनी तिच्यावर तोफांचा नेम धरायचा. विमानात बसून तार सोडायचं, गुंडाळायचं काम सुभाषरावांचं. जिवावर बेतलंच तर दांडा ओढून ती कापायची, तेही त्यांचंच.

अठ्ठ्याऐंशी साली एक स्लीव्ह समुद्रात पडली आणि कधी सापडलीच नाही. चौकशीत सुभाषराव म्हणाले, गोळ्याने तार तुटली, उरलेली तार टाकायला दांडा मी नंतर ओढला. तोफेवर होता त्यांचा जिवलग नामदेव. नेम चुकून तार तोडल्याचा ठपका त्याच्यावर आला, बढती गेली. तेच आता पुस्तकात छापून येणार होतं, पान सत्तेचाळीस.

"सापडली तर बरंच झालं की," जयमालाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "एरंडेल प्यायल्यासारखं तोंड कशाला?"

काय सांगणार, कपाळ! गोळा लागला असेल तर तार स्लीव्हजवळच तुटणार, पाच-दहा हात शिल्लक राहणार. दांड्याने कापली असेल तर अख्खी दोन किलोमीटर. चौकशीतली गोष्ट सदतीस वर्षांत त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की आधी काय झालं हे आता त्यांनाच छातीठोकपणे सांगता येईना. आठवत होता तो मागे कुठेतरी फुटलेल्या गोळ्याचा काळा धूर आणि दांड्यावरचा आपला हात.

देवा, दहा हातच असू दे, एवढंच ते रिक्षात घोकत होते.

पुतळाबाई दारात विटक्या नारिंगी कापडावर जवळा सुकायला पसरत होत्या. स्लीव्हच ती! तोंडाशी लोखंडी कडी होती आणि कडीला काहीच नव्हतं. सुभाषरावांचा जीव भांड्यात पडला. फोटो काढला. आता गुमान घरी जावं की नाही? पण जीभ कुठली गप्प बसायला.

"हिला तार होती का हो?"

"तार? आगं बाय!" पुतळाबाईंनी कपाळाला हात लावला. "आमचे मालक सकालपासून वढत होते, सरंनाच! शेवटी कंटालून कापली. पंधरा वरसं गावाचे बोंबील तिच्यावरच सुकले. ती काय, उरलेली हाय."

भिंतीकडेला गंजक्या तारेचं वेटोळं पडलं होतं, गुडघ्याएवढं उंच.

सुभाषराव ओट्यावर बसले. ऋषीला तर फक्त फोटो हवा होता. तारेचं कोण विचारणार होतं? पान सत्तेचाळीस उद्या तसंच छापलं गेलं असतं. पुतळाबाईंनी पाणी दिलं, ते घोटभर प्यायले आणि त्यांनी चिपळूणला नामदेवला फोन लावला. मनातून वाटत होतं, उचलू नये त्याने.

त्याने उचलला.

"नामदेव, अठ्ठ्याऐंशीची ती तार मीच कापली रे. घाबरलो होतो. तुझा नेम चुकला नव्हता. पुस्तकात बदल करायला सांगतोय मी ऋषीला."

सुभाषरावांना वाटलं, आता शिव्या घालेल. घालू दे.

"सुभ्या," नामदेव म्हणाला, "तोफ सोडून मी स्टोअरला बदली मागून घेतली, आठवतंय ना? मला वाटलं, माझा नेमच गेला. पुढच्या वेळी तुझ्या विमानालाच लागेल."