नेवरीची मुरड

लग्न होऊन मांद्र्याला आले, त्या चवथीपासून ह्या घरात गणपतीच्या नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या, मीच करते. सुलोचनाच्या हाताची मुरड सगळा वाडा ओळखतो. आणि ही कोण कुठली? मंगोलियाची! धाकटा दीर बाबाजी किनाऱ्यावरच्या हॉटेलात कामाला, तिथून लग्न करून घेऊन आला. सासूबाईंनी कौतुकाने तिचं नाव सरस्वती ठेवलं. माझ्या वेळी नाव बदलायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं.

गेल्या चवथीला ती माझ्या शेजारी बसली आणि भराभर नेवऱ्या मुरडायला लागली. मुरड कसली, बारीक वेणीच!

"आमच्याकडे अशाच करतात, वयनी. आत मटण भरतात," म्हणाली.

मटण! म्हटलं, आता सासूबाई हिला उठवणार. कसलं काय! त्यांनी हसून हसून डोळे पुसले आणि तिचीच नेवरी उचलून देवासमोर ठेवली. माझा नुसता जळफळाट झाला.

मग तिला दिवस गेले. रक्त तपासलं, तर हेपेटायटिस बी निघाला, आणि बीच्या आधाराने जगणारा डीसुद्धा. दोन्ही लिव्हर खाणारे. सासूबाई रडल्या. मला? खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"आई, असल्या हाताचा नैवेद्य देवाला चालेल?" मी म्हटलं. "तिचं ताट वेगळं करा. चुलीकडे येऊ देऊ नका."

हा रोग रक्तातून लागतो, जेवणातून नाही, असं डॉक्टर सांगत होते. पण सासूबाई भित्र्या, त्यांनी माझंच ऐकलं. सरस्वती पडवीत जेवू लागली. तरी माशाचा बरा तुकडा तिच्याच ताटात जायचा!

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. बाकी सगळे सुटले, त्यांना लस टोचली. माझ्या रक्तात बी. डी नाही, पण बी आहे, तोही जुना, ती ह्या घरात यायच्या कितीतरी आधीचा. म्हापशापलीकडे न गेलेल्या बाईला!

चवथ आली. सासूबाईंनी माझंही ताट पडवीत मांडलं.

"तूच सांगितलं होतंस न्हय गो?" त्या म्हणाल्या. रागाने नाही. मला तेच जास्त लागलं.

आतून जळका वास आला. सासूबाई आत जाऊन तळायला लागल्या होत्या, त्यांच्या नेवऱ्या तेलात फुटत होत्या. माझे हात नुसते शिवशिवत होते. तेवढ्यात सरस्वती पोट सावरत उठली, सरळ आत गेली आणि पिठाची परात घेऊन आली.

"आई, डॉक्टर घाबरत नाहीत, मग गणपती घाबरेल?" ती म्हणाली. "वयनी, घे."

सासूबाईंनी सारणाचं भांडं बाहेर आणून आमच्यापुढे सरकवलं. मी नेवरी मुरडली. तिनेही मुरडली. तिचीच देखणी झाली, मेली! नैवेद्याचं पान वाढताना तिने माझी नेवरी उचलली आणि सगळ्यांच्या वर ठेवली.

शिरा पडो त्या चांगुलपणावर! तिथेही हिनेच पुढे जायचं? मी पदराने डोळे पुसले आणि दुसरी पारी लाटायला घेतली.