डावी बाजू

जोलीनने बर्फाची पिशवी ट्रेंटच्या बरगडीवर टेकवली तेव्हा तो दचकला, पण गारव्याने नव्हे. त्याच्या मागे जिन्यावरून मांजर उतरलं होतं.

"मांजर आहे," ती म्हणाली.

"माहितीये मला."

माहीत असतं तर त्याची बोटं खुर्चीच्या कडेत अशी रुतली नसती. जोलीनने न पाहिल्यासारखं करून पिशवी थोडी वर सरकवली. छातीवरचा डाग पिवळा पडत चालला होता, तो मागच्या महिन्यातला. उजव्या बरगडीवरचा हिरवट, दोन शुक्रवारांपूर्वीचा. दंडावरचा जांभळा अगदी ताजा. सतरा वर्षांच्या पोराचं अंग तिला आता तारखेनिशी वाचता येत होतं. पाठ मात्र स्वच्छ होती. ती नेहमी शेवटी पाठ बघायची आणि मगच श्वास सोडायची.

"या शुक्रवारी नको खेळूस. मी बोलते कोच स्टॅन्कोंशी."

"मॉम, या शुक्रवारी कॉलेजच्या संघाचा माणूस येतोय. मला बघायला. चार तास गाडी चालवून."

"परत येईल की."

"आपल्या गावात परत कोण येतं?"

काचेचा कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती. भट्टीवरची दांडगी माणसं आपली दांडगी पोरं घेऊन गेली आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात उरलीसुरली राहिली. ट्रेंट क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्या पुढ्यात लाइनची पाच पोरं उभी राहायची; त्यांतल्या एकाला दमा होता, एकाला चष्म्याशिवाय पंचसुद्धा दिसत नव्हता. या पाचांनी चाल करून येणाऱ्यांना तीन सेकंद अंगावर थोपवायचं आणि तेवढ्यात ट्रेंटने लांब धावणाऱ्या आपल्या गड्याला हेरून चेंडू फेकायचा. जोलीन बाकावर बसून मनात मोजायची. एक. दोन. तीनपर्यंत ती या मोसमात क्वचितच पोचली होती. त्याआधीच भिंत फुटायची आणि तिचा मुलगा कुणाच्या तरी खाली दिसेनासा व्हायचा.

ऑगस्टमध्ये तो लांब बघून फेकायचा. आता चेंडू हातात आला की त्याची नजर जवळच, अंगावर येणाऱ्यांवर खिळायची. फेक घाईची, मागच्या पायावरून. घरी जेवणाच्या टेबलाशीसुद्धा त्याने आपली खुर्ची हलवून पाठ भिंतीला लावली होती. कधी हलवली, का हलवली, कुणी विचारलं नाही.

तरी सगळे म्हणत, या पोराला पाठीला डोळे आहेत. ट्रेंट उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे फेकायला वळला की डावी बाजू त्याला दिसत नाही. पण त्या बाजूने कुणी झेपावलं की तो नेमका शेवटच्या क्षणी वाकायचा, नाहीतर चेंडू रेषेबाहेर भिरकावून द्यायचा. गावच्या साप्ताहिकाने ते छापलं होतं आणि ते वाचूनच कॉलेजचा माणूस येणार होता.

जोलीनचा त्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या गावचा क्वार्टरबॅक याच बाजूने पाडला गेला होता. तो आता एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याच्या बुटांच्या नाड्या त्याची आई बांधते.

सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, क्वार्टरबॅकच्या आईने लाइनच्या पोरांना जेवू घालायचं, ही तिथली जुनी रीत. उद्या जे तुझ्या पोरासाठी मार खाणार, त्यांना आज पोटभर वाढ. जोलीनच्या सासूनेही वाढलं होतं. तेव्हाची पोरं म्हणे दारातून आडवी होऊन आत यायची. आताची पाच सरळ आत आली आणि तरी दारात जागा उरली.

"मिस जोलीन, एवढी मॅकरोनी?" मधे उभा राहणारा डॉम म्हणाला. "आम्हाला फुगवून भिंत करायचा बेत दिसतोय."

"तुला फुगवलं तर फुगाच होईल," ट्रेंट म्हणाला.

"फुग्यावर आपटलं तर लागत तरी नाही! ओटिस, मीठ सरकव. अरे, काहीतरी बोल. बघा मिस जोलीन, परत आवाजाचा बेडूक झालाय याच्या."

ओटिस डावीकडे उभा राहायचा. पाचांत उंच तोच, पण नदीकाठच्या लव्हाळ्यासारखा. सामन्यानंतर त्याचा आवाज आठवडा आठवडा बसलेला असायचा. वयात आलेला आवाज, फुटतोय, असं जोलीन धरून चालली होती. तिने मध घातलेला चहा मुकाट त्याच्यापुढे ठेवला.

जेवणं झाली की तो भांडी पुसायला मागे थांबायचा. त्याची आई वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीला असायची. घरी जायची त्याला घाई नसे. बाहेर ट्रेंट आणि डॉम अंगणात चेंडू झेलत होते. जोलीनने नळ बंद केला.

"ओटिस, तुझ्या अंगावर येतो त्याला तू धरलंस तर?"

"अडवतोच ना मी."

"अडवायचं नाही म्हणत. धरायचं. जर्सी, मुठीत."

"ते फाउल आहे, मिस जोलीन. पंच पिवळा रुमाल टाकतो. चाल बाद, वर दहा यार्ड मागे."

"दहा यार्ड म्हणजे किती? या सिंकपासून आपल्या टपालपेटीपर्यंत. तेवढा मागे गेला तरी ट्रेंट उभा असेल ना? आपल्या पायांवर?"

ओटिस एकच बशी पुसत राहिला. ती कोरडी होऊन चकाकायला लागली तरी पुसत राहिला.

"कोच मला काढतील."

"एकदोनदा केल्याने नाही काढणार."

खिडकीबाहेर चेंडू डॉमच्या हातून सुटला आणि कुंपणावर आदळला. ट्रेंट गर्रकन वळला. दोघांनीही ते पाहिलं.

"तुमच्या हातचं मी सहावीपासून खातोय," ओटिस म्हणाला. मग बशी चळतीवर ठेवून हळूच, "येस मॅम," म्हणाला.

उरलेली मॅकरोनी तिने कारखान्याच्या जाड काचेच्या भांड्यात भरून त्याच्या आईसाठी दिली.

शुक्रवारी पहिला पिवळा रुमाल तिसऱ्याच चालीला पडला. "होल्डिंग, नंबर बहात्तर," भोंग्यातून ओटिसचा नंबर आला.

"अरे, नाचायला नेतोयस का त्याला? सोड की!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

जोलीन हसली नाही. ती मोजत होती. एक. दोन. तीन. चार. ट्रेंट उभा होता. पाय रोवून, मान वर करून, ऑगस्टमध्ये बघायचा तसा लांब बघत. डावीकडे ओटिसने समोरच्या पोराला दोन्ही मुठींत असं पकडलं होतं की लांबून वाटावं, बुडणाऱ्याला काठाशी ओढतोय. चेंडू सुटला, दिव्यांच्या उजेडात उंच गेला आणि चाळीस यार्डांवर धावणाऱ्याच्या ओंजळीत पडला. सगळं मैदान उभं राहिलं. मग सगळं मैदान खाली बसलं. गवतावर ओटिसच्या पायाशी पिवळं काहीतरी पडलं होतं.

चौथ्या रुमालानंतर कोच स्टॅन्कोंनी त्याला बाहेर बोलावलं, त्याच्या हेल्मेटची जाळी धरून बरंच काही सुनावलं आणि बाकाकडे बोट दाखवलं. त्यानंतर त्यांनी फेकण्याचा नादच सोडला. शेवटपर्यंत ट्रेंट चेंडू घ्यायचा, शेजारच्याच्या पोटाशी द्यायचा आणि बाजूला व्हायचा. कुणी त्याला बोट लावलं नाही.

सामना हरल्यावर जोलीन कुंपणाशी ट्रेंटची वाट बघत होती. पलीकडे हिरव्या टोपीतला कॉलेजचा माणूस स्टॅन्कोंशी हात मिळवत होता.

"हात छान आहे पोराचा," तो म्हणाला. "पण हात पुष्कळांना असतो हो. मी ते पाठीचे डोळे बघायला आलो होतो. आज काही दिसले नाहीत."

त्याने वही खिशात घातली. चार तासांचा रस्ता होता.

गाडीत ट्रेंटने बराच वेळ पट्टाच लावला नाही.

"त्याने मुद्दाम केलं."

"पट्टा लाव."

"मी त्याचं तोंड बघितलं, मॉम. चुकून धरणारा असा नाही धरत. जळतो तो माझ्यावर. मी जाणार आणि हा इथेच राहणार ना, म्हणून."

"ओटिस तसा नाही."

"मग कसा आहे? सांग ना, कसा आहे?"

चौकात लाल दिवा होता. रस्त्यावर दुसरी एकही गाडी नव्हती, तरी जोलीन तो हिरवा होईपर्यंत समोर बघत थांबली. घरी गेल्यावर तिने त्याची पाठ बघितली, बरगड्या बघितल्या. नवा एकही डाग नव्हता.

पुढच्या गुरुवारी दुपारीच मागच्या दारावर टकटक झाली.

"मिस जोलीन."

आवाज तिने ओळखला नाही. दार उघडलं तर ओटिस, हातात घासून लख्ख केलेलं काचेचं भांडं.

"तुझा आवाज सुटला की रे."

"आठवडाभर ओरडलो नाही ना."

"ओरडायचास? कुणावर?"

त्याने भांडं ओट्यावर ठेवलं, मग कडेपासून आणखी आत सरकवलं. "कुणावर नाही. माझ्या बाजूने एखादा निसटला की मी ओरडायचो. 'हप्!' असं. माझे आजोबा खेचराला ओरडायचे तसं. ते ऐकलं की ट्रेंट वाकतो."

जोलीनचा हात सिंकच्या कडेवर होता. तो तिथेच राहिला.

"कोचना चालत नाही ते," ओटिस म्हणाला. "ते म्हणतात, ओरडलास म्हणजे हरल्याची कबुली दिलीस. पण त्या गोंगाटात त्यांना कुठलं ऐकू जातंय? जवळ असतो तो ट्रेंटच. आणि त्यालासुद्धा आपण ऐकलं हे कळत नाही. त्याला वाटतं, आपल्याला आतूनच कळलं."

"किती वेळा ओरडायचास?"

"दर शुक्रवारी दहाबारा वेळा. निसटतातच की हो. माझ्याकडे बघा ना."

"मग मी सांगितलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"धरलं की निसटत नाहीत, हेही खरंच होतं." त्याने खांदे उडवले. "आणि तुम्ही सांगत होतात."

तिने एप्रन काढून खुर्चीवर टाकला. "मी आत्ता जाते कोचकडे. सांगते, हे सगळं मीच..."

"मी जाऊन आलो काल. तुमचं नाव नाही घेतलं. या मोसमात परत घेणार नाही म्हणाले. आता सगळ्या पंचांना माझा नंबर पाठ झालाय, मी नुसता उभा राहिलो तरी रुमाल पडेल. तुम्ही गेलात तर एवढंच होईल की ट्रेंटला कळेल. उद्या शुक्रवार आहे, मिस जोलीन. माझ्यावर चिडून खेळेल तो. तुमच्यावर चिडून कसा खेळणार?"

एप्रन पुन्हा उचलून तिने त्याची घडी घातली, मग ती घडी मोडली.

"माझ्या जागी लेव्ही येतोय, नववीतला," ओटिस दारातून म्हणाला. "त्याला तेवढं ओरडायला सांगा. मी सांगितलं, पण माझं आता कोण ऐकतंय?"

संध्याकाळी ओटिसच्या खुर्चीवर लेव्ही बसला. पंधरा वर्षांचा, मनगटं जोलीनच्या मनगटांएवढी. पण जीभ सगळ्यांत चालणारी. त्याने दोनदा वाढून घेतलं, डॉमच्या पोटावर विनोद केले, आणि कोच म्हणालेत माझे पाय लाखांत एक आहेत, हे सगळ्यांना दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तो बशी घेऊन ओट्याशी आला तेव्हा जोलीन त्याच्याकडे झुकली.

"लेव्ही, बाळा, उद्या तुझ्या बाजूने एखादा सुटला ना, तर जोरात ओरडशील? फक्त 'हप्' असं. ट्रेंटला ऐकू जाईल इतपत."

लेव्हीने तिच्याकडे बघितलं. म्हातारं माणूस विसरून भलतंच काही बोललं की पोरं बघतात तसं.

"हरणारे ओरडतात, मिस जोलीन," तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या बाजूने कुणी सुटणारच नाही."

"सुटला तर, म्हणते मी."

"नाहीच सुटणार!"

टेबलाशी ट्रेंट हसला. आठवड्यात पहिल्यांदाच.

"ऐकलंस, डॉम? असा माणूस पाहिजे होता डावीकडे. पहिल्यापासून."

डॉम काट्याने बशीतली मॅकरोनी इकडची तिकडे करत राहिला. बाकी तिघांनीही मान वर केली नाही.

"ये, इथे बस," ट्रेंट लेव्हीला म्हणाला. "माझ्याजवळ." त्याला जागा व्हावी म्हणून त्याने आपली खुर्ची उचलली, भिंतीपासून दूर आणून फिरवून ठेवली आणि ऐसपैस बसला. आता त्याची पाठ मागच्या उघड्या दाराकडे होती.

जोलीन पातेल्यातला डाव तसाच हातात घेऊन टेबलाला वळसा घालून गेली आणि त्याच्या खुर्चीमागे, जरा डावीकडे, उभी राहिली.

"मॉम, तू बस ना."

"तुमचं होऊ दे," ती म्हणाली.