कालचाच बन्सी

“तू रोज बघतीस, म्हणून तुला दिसत नाय,” सगीराबी म्हणाली. “लेकराचं बाळसं झडलंय, आशा.”

सगीराबी शेजारची. पावसाळाभर सिल्लोडला माहेरी होती, ती आजच परतली होती. आशाने बन्सीला मांडीवर ओढून घेतलं.

“रांगायला लागली की मुलं थोडी उतरतातच, बी.”

“उतरतात व्हय? बरं बाई, तू कालेजात शिकलेली,” म्हणत सगीराबी उठली.

ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच आशाच्या सासूने, द्वारकाबाईंनी, मीठमोहऱ्या ओवाळल्या. “आली नजर लावाया. इतके दिवस शेजार कसा गप हुता.”

आशाला हे असलं पटत नसे. त्या दिवशी मात्र तिने ओवाळू दिलं.

ती निष्काळजी असती तर एक वेळ समजलं असतं. पण रात्री उठून उठून मुलाच्या नाकाशी बोट धरणारी, पाणी उकळल्याशिवाय त्याच्या ओठाला न लावणारी आई होती ती. उजाडलं की आधी बन्सीला निरखायची. डोळे कालचेच, कानामागचा तीळ कालचाच. कालचाच बन्सी. आणि ते खोटं नव्हतं. आज हा कालचा दिसत नाही, असं वाटावं असा एकही दिवस उगवला नाही.

कॉलेजात मंतिकच्या, म्हणजे तर्कशास्त्राच्या तासाला मौलवीसाहेबांनी एकदा विचारलं होतं, ज्वारीच्या राशीतला एक दाणा काढला तर रास मोडते का? आणखी एक काढला तर? चिकाच्या पडद्यामागे बसलेल्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आशा सगळ्यांत जास्त.

सगीराबी माहेरी होती त्या दिवसांत बन्सीच्या कमरेचा करदोडा तिला सैल लागला. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, न्हाऊ घालताना गाठ ढिली मारली असणार; बोलावं तर दिवसभर घर डोक्यावर घेतील. तिने गुपचूप गाठ बोटभर आत सरकवली. पुढे द्वारकाबाईंनाही तो सैल लागला. शिकलेल्या सुनेला मेली साधी गाठ येत नाही, असं मनाशी म्हणत त्यांनीही तो आवळला, आणि घरात शांतता राहावी म्हणून तोंड मिटून घेतलं. पुन्हा सून, पुन्हा सासू. दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या.

दसऱ्याला आशाचा नवरा घरी आला. रामकिसन सिल्लोडच्या तहसिलीत कारकून, दसरा-दिवाळीलाच यायचा. बन्सी तेव्हा ओसरीवर सगीराबीच्या कडेवर होता.

“काय बी, हे कुणाचं लेकरू आणलं?” त्याने पिशवी टेकवत हसून विचारलं.

सगीराबीने मान खाली घातली. रामकिसन एकेकीकडे बघत राहिला, आणि त्याचं हसू कुठेतरी गेलं. जवळ येऊन त्याने बन्सीच्या मांडीपर्यंत लोंबणारं करदोड्याचं टोक हातात धरलं.

“एवढं शेपूट कशापाई सोडलंय, माय?”

“आत्याबाई सैल बांधतात, म्हणून मी जरा…” आशा म्हणाली.

“मी सैल बांधते? अगं, तू सैल बांधतीस म्हनून मी…”

द्वारकाबाई उंबऱ्यावर बसल्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “कधीपासून असा आहे?” एवढंच त्यांनी विचारलं. आशा आठवत राहिली. गणपतीत हसला होता. त्याच्या आधी? त्याच्या नंतर? कुठल्या दिवसाचं नाव घ्यावं?

“त्याला इथंच ठेवा. दूध घोटाघोटाने पाजा. अंगी लागतंय का बघू,” त्या म्हणाल्या. “आज मी काहीच सांगत नाही.”

आशा तेव्हापासून तिथेच आहे. चमच्याने दूध पाजताना ती मान भिंतीकडे फिरवून बसते. थोडा वेळ न बघता राहिलं, तर फरक दिसेल असं तिला वाटतं. मग तो कण्हतो आणि ती बघतेच. बघितलं की पुन्हा कालचाच. भरतोय की सरतोय, काही कळत नाही. म्हणून दुसऱ्यांच्या आजाऱ्यांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हाक मारते. तुम्ही आता दारापर्यंत आला आहात, तर तुम्हालाही.

“जरा इकडं येता? खिडकीखालची खाट. आज त्याला नीट बघून ठेवा. मग थोडे दिवस येऊ नका. पुन्हा याल तेव्हा माझ्याशी बोलू नका, आधी त्याच्याकडं बघा. आणि काय दिसलं ते मला सांगा. याल ना?”