द्राक्षे तुडवण्याचा डावीकडचा हौद

एकाच उतारावरची, एकाच सकाळी तोडलेली द्राक्षे दोन हौदांत भरली. तिसऱ्या दिवशी उजव्या हौदातला रस फसफसू लागला. डाव्या हौदातला तसाच पडून राहिला.

मित्रांनो, मी एक जुना दगडी हौद आहे. त्या दोघांतला डावा. डोरू नदीच्या वरच्या अंगाला, या मळ्यात, पाथरवटांनी मला ग्रॅनाइटच्या चिऱ्यांतून घडवले. पोर्ट वाइनसाठी माझ्यात द्राक्षे तुडवली जात. हंगामात दिवस मावळला की माणसे पाय धुऊन, खांद्याला खांदा लावून माझ्यात उतरत. आधी शिस्तीत पावले टाकत. अकॉर्डियन वाजू लागले की नाचत. रस अर्धा आंबला की त्यात कडक ब्रँडी ओतून आंबणे थांबवत. वाइनची तारीफ झाली की मालकीण झुल्मिराबाई माझ्या काठावर थाप मारत.

पुढे गावातली तरुण मंडळी फ्रान्सला गेली. उरलेली माणसे एका हौदापुरतीच होती. ती उजवीकडे उतरू लागली. माझ्यावर पोलादी पायांचे यंत्र बसवले. ते बिनचूक तुडवते. घसरत नाही, कोणाची चेष्टा करत नाही. शेजारून हसणे ऐकू येई, माझ्यात यंत्राच्या मोटरची घरघर. वर्षभर रिकामे राहण्याची मला सवय आहे. हंगामात भरलेला असून एकटे असणे मात्र निराळे.

यंत्र आल्यावरची पहिली काही वर्षे उष्ण होती. सारे ठीक चालले. पण सुरुवातीला सांगितले त्या वर्षी सप्टेंबरातच गारठा पडला, आणि माझ्यातला रस हलेना.

"दगड मेला, बाई," मुकादम बेल्मिरु म्हणाला. "फोडून टाकू, स्टीलची टाकी बसवू. सोमवारी गवंड्याला बोलावतो."

"दगड मरतो होय रे? मग तुझं डोकं कधीच गेलं असेल." पण रस आंबला नाही तर नासेल, हे झुल्मिराबाईंनाही ठाऊक होते. त्यांनी भाचीला, ओटिलियाला, हाक मारली. वाइनचे शास्त्र ती शिकून आली होती.

"पायांबरोबर खमीर आत जात असेल," बेल्मिरु म्हणाला. "यंत्राच्या पायांना ते कुठलं?"

"तसं असेल तर काका, तुमचे मोजे टाकूया आत."

"धुतलेत गं ते!"

"मग काय उपयोग?"

ओटिलियाने दोन्ही हौदांत तापमापक बुडवला. माझ्यातला रस बराच गार निघाला. तेवढ्यावर तिने निष्कर्ष काढला नाही. झाकणबंद डब्यांत गरम पाणी भरून ते माझ्यात सोडले, पाणी निवले की बदलत राहिली. एकही पाय आत जाऊ दिला नाही. दुसऱ्या सकाळी माझ्यावर जांभळा फेस चढला होता.

"आता गवंड्याला काय सांगू?" बेल्मिरुने विचारले.

"ये म्हणावं," झुल्मिराबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघराचं धुराडं गळतंय."

मी वाचलो. गारठ्याच्या वर्षी आता माझ्यात गरम पाण्याचे डबे उतरतात. माणसे शेजारीच उतरतात. मित्रांनो, जुनी वस्तू निकामी झाली असे ठरवण्यापूर्वी तिच्याकडून आपण काय काढून घेतले, एवढे तपासा.

माझ्या बाबतीत कारण असे निघाले: द्राक्षे गार होती, दोन्ही हौदांचा दगड गार होता. उजव्या हौदात माणसे उभी होती आणि त्यांच्या अंगाची ऊब रसात उतरत होती. माझ्यात कोणीही उभे नव्हते.