संकठा उत्तर देत नाही

दिनानाथ सरांनी प्लग ओढायला सांगितलं तेव्हा मला आधी खरंच वाटेना. चालू कॉम्प्युटरचा प्लग ओढायचा नाही, हे विद्यापीठातल्या या नोकरीत मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि आता तेच खुर्ची पुढे ओढून म्हणत होते, ओढा शरदिनीबाई, बघू तरी काय होतं.

नवा प्रोग्राम मीच बसवला होता, एकेका मशीनवर. शहाण्णव साल होतं, पण याला चित्र नाही की बटण नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एक अक्षर चुकलं की बोलणी खायची. 'ॲड' लिहून पुढे मशीनचं नाव दिलं की ते मशीन मंडळीत येई. मग मोठं गणित सगळी मशीनं तुकडे करून वाटून घेत. त्यात कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही. सरांनी हौसेने मशीनना संकठा, बालाजी, ब्रह्मा अशी गंगेच्या घाटांची नावं दिली होती. मी डोळे मिटून संकठाचा प्लग ओढला.

शेजारी बालाजीच्या पडद्यावर ओळ उमटली, की संकठा उत्तर देत नाही. मग नुसता लुकलुकणारा ठिपका. गंगेच्या पुराचं ते गणित कितीतरी दिवस चाललं होतं आणि मी ते बुडवलं, असंच मला वाटलं. तेवढ्यात दुसरी ओळ आली. संकठाचा तुकडा ब्रह्माने घेतला होता. त्याचं काम आधीच आटोपलं होतं, तो मोकळाच होता.

संध्याकाळी ब्रह्मा घाटाच्या गल्लीत घरी आल्यावर मी हे अप्पांना रंगवून सांगितलं. माझे वडील वैदिक. यजुर्वेद मुखोद्गत, पाठाला कधी पोथी उघडली नाही. कॉम्प्युटर त्यांच्या लेखी टाइपरायटरचा श्रीमंत जावई, एरवी त्याचं नाव निघालं की ते पंचांग उघडून बसत. त्या दिवशी मात्र ऐकत राहिले.

"म्हणजे पारायणासारखं," ते म्हणाले. "अध्याय वाटून घेतात तसं."

"तसंच."

"मग एखादा बीचमें थांबला तर?"

"त्याचं काम जो मोकळा असेल तो घेतो."

"आणि थांबला त्याची इज्जत?"

मशीनला कसली आलीय इज्जत, असं मी हसत म्हणाले. अप्पा हसले नाहीत.

तेव्हा मला खरी भीती वाटली. गेले काही दिवस पहाटे चहा ठेवताना मी त्यांचा पाठ ऐकत होते. एका जागी ते अडत, मागे जात, परत तिथेच येऊन अडत. सर्दी झाली असेल, दूधवाल्याने हाक मारली असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. आई असती तर तिला विचारलं असतं. सोमवारी बालाजी घाटावर संहितेचं पारायण होतं आणि तिथल्या पंगतीत अप्पांची जागा आजोबांपासूनची. तिथे पोथी घेऊन बसायचं म्हणजे जन्मभराची विद्या गंगेत सोडून यायचं.

ताप आलाय म्हणून निरोप पाठवू, मी म्हणाले. हात जोडले त्यांना.

"शरू, एकेक ओळ जाते आहे," अप्पा म्हणाले. "कोणती जाणार ते आधी कळत नाही. डर लागतो गं. पण बसायला तर पाहिजे."

'डर' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

सोमवारी मी रजा घेऊन बायकांत मागे बसले. पंगतीतल्या प्रत्येकाने आपापले अध्याय सुरू केले आणि सगळे आवाज एकात एक मिसळले. त्यात कोण कुठे चुकलं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मला जरा धीर आला. मग एकेकाचे अध्याय संपू लागले. एक आवाज थांबला, दुसरा थांबला. अप्पा मागे जाऊन परत येत होते, म्हणून मागे पडत होते. त्यांच्या शेजारी बसलेले गोपीनाथकाकाही आटोपून गप्प बसले आणि अप्पांचा आवाज एकटा उरला. देवा, एवढा अध्याय पार पडू दे, एवढंच मी म्हणत होते.

अप्पा थांबले.

खाली कुठेतरी धोबी कपडे आपटत होता, तेवढंच ऐकू येत होतं. मग गोपीनाथकाकांनी, मान न वळवता, डोळे न उघडता, पुढचा शब्द उचलला आणि म्हणू लागले. पंगतीत कुणीही अप्पांकडे पाहिलं नाही.

मी पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. यजुर्वेदाच्या आमच्या शाखेत म्हणताना स्वर हाताने दाखवतात, चढत्या स्वराला हात वर, उतरत्याला खाली. अप्पांचा उजवा हात चालू होता. गोपीनाथकाकांच्या आवाजाबरोबर तो वर जात होता, खाली येत होता, एकही स्वर न चुकता, अध्याय संपेपर्यंत.