बँड थांबला की मामा बसतात

त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात माझ्या बहिणीचं, सुनंदाचं, लग्न होतं, आणि लग्न मोडायला जे जे लागतं ते सगळं आमच्या घरी तयार होतं. आदल्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. विहिरीत डोकावलं तर आपलं तोंड दिसायचं नाही, कारण त्यासाठी पाणी लागतं. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन माणसं अशी झाली होती की कोणी 'राम राम' केला तरी समोरचा विचारायचा, "का बरं?" सुनंदाचं याआधी एकदा ठरलं होतं, ते या तापलेल्या डोक्यांपायीच मोडलं. कशावरून, ते दोन्हीकडच्यांना आता सांगता येत नाही. म्हणून या वेळी नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "पाहुण्यांनी थोबाडीत मारली तरी हात दुखला का म्हणून विचारायचं."

अशा दिवसांत आख्ख्या जामनेर तालुक्यात खुशीत असलेला माणूस एकच होता. बँडवाले हिलाल मास्तर.

"दुष्काळात लोकं उडतं गाणं मागतात, कौतिक नाना," सुपारी घ्यायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं. "आणि पीक आलं की रडकं. ज्या साली कापूस जोरात फुटला, त्या साली मला वरातीत विरहाची गाणी वाजवावी लागली. नवरदेव घोड्यावर बसून डोळे पुसत होता. रडायला पोट भरलेलं लागतं."

"मग यंदा?"

"यंदा असं उडतं चाललंय, की माझा ढोलवाला वाळून काडी झाला."

लग्नाच्या आदल्या दिवशी जामनेरच्या रतनलाल शेठांचे आजोबा वारले. पणतवंडं बघून, तृप्त होऊन गेलेला माणूस. शेठांनी बैकुंठी, म्हणजे पालखीसारखी तिरडी, सजवली आणि अंत्ययात्रा वाजतगाजत न्यायची ठरवली. बँड अर्थात हिलाल मास्तरांचा. मास्तरांनी लग्नाच्या दिवशी सकाळी शेठांच्या आजोबांना पोचवलं आणि तिथून तडक आमच्या गावी आमच्या पाहुण्यांना आणायला आले. पोशाख तोच, माणसं तीच, घाम तोच. गडबड झाली ती फक्त बोटांची.

पिंपळनेरहून वऱ्हाडाची एसटी आली. दार उघडलं. पहिले उतरले लोटनमामा, नवरदेवाचे सख्खे मामा. मामा म्हणजे केवढे, तर आधी मिशी उतरली, मग गुलाबी फेटा, आणि बऱ्याच वेळाने खालचा माणूस. मामांनी स्वागत स्वीकारायला हात उंच केला. हिलाल मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि त्यांची बोटं सकाळच्या सवयीने आपापल्या जागी गेली.

ते गाणं आमच्या तालुक्यात फक्त तिरडीमागे वाजतं. लहान पोराला विचारा, तेही सांगेल. मांडवातल्या दोघांनी पटकन टोप्या काढल्या. आमच्या गल्लीतले एक आबा तर सवयीने उठले, 'राम बोला' म्हणाले आणि खांदा द्यायला मामांकडे निघाले.

मामांनी हात खाली घेतला. स्वतःच्या अंगाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मी जित्ता शे," मामा म्हणाले.

हे कोणालाच नाकारता येईना.

"मी जित्ता शे, आनी तुम्हीन मनी मयत काढी!" असं म्हणून ते चालत गेले आणि निंबाच्या झाडाखाली मांडी घालून बसले. "आते मी उठाव नही."

आता, रुसणं हा काही गुन्हा नाही. आमच्या खान्देशात ज्या लग्नात कोणी रुसलं नाही ते लग्न झालं असं बरेच जण मानतच नाहीत. पण नवरदेवाचा मामा म्हणजे अवघड. मंगलाष्टकांना तो नवरदेवाच्या पाठीमागे उभा राहिल्याशिवाय गुरुजी अंतरपाट धरत नाहीत. मुहूर्त दुपारचा. तो हुकला तर पत्रिकेला जुळणारा पुढचा दिवाळीनंतर. आणि वऱ्हाडाची गाडी एकदा रिकामी परत गेली की सुनंदासाठी दिवाळीनंतर कोण येतंय? दोनदा मोडलेल्या पोरीला लोक पत्रिकेतला दोष विचारत नाहीत, स्वतःच सांगतात.

नानांनी मामांच्या पायाशी टोपी ठेवली. मामांनी ती झटकून नानांच्या डोक्यावर परत घातली, कारण ऊन फार होतं. मायने बर्फाचं सरबत पाठवलं.

"मरेल मानूस सरबत पेस का?" मामा म्हणाले आणि पिऊन टाकलं.

मग हिलाल मास्तर पुढे झाले. "चूक आमची आहे," ते म्हणाले. "माफीसुद्धा आमच्याच पद्धतीने मागतो." आणि त्यांनी एक अशी विनवणीची, गळा दाटून आणणारी चाल सुरू केली की झाडावरचा कावळासुद्धा मान खाली घालून बसला. मामांवर मात्र तिचा भलताच परिणाम झाला. त्यांना स्वतःची आणखी दया आली. नवरदेवाचे काका ऐकता ऐकता विरघळले आणि मामांशेजारी जाऊन बसले. काकांना पाहून मावसा, म्हणजे नवरदेवाच्या मावशीचे यजमान, बसले. त्यांना पाहून, आजवर आपल्यालाही कोणी कधी विचारलं नाही हे आमच्याच मोठ्या काकांच्या ध्यानात आलं, तेही बसले. तेवढ्यात माय धावत आली.

"मास्तरले थांबव रे! जेवणाची बट्टी भाजणाऱ्या बाया भट्टीपाशी रुसून बसल्या! म्हणतात, आमची काय किंमत आहे!"

"मास्तर!" मी ओरडलो. "उडतं! उडतं वाजवा!"

मास्तरांनी चाल बदलली. त्या वर्षी एक गाणं गाजत होतं. त्याचे शब्द कोणाच्या ध्यानात नव्हते, त्याला ठेका एवढा होता की शब्दांना बसायला जागा नव्हती. ढोलवाल्याने काड्या उचलल्या. पहिल्यांदा बट्टीवाल्या बाया उठल्या. मग काका, मावसा, आमचे मोठे काका. मामा बसून होते. पण त्यांच्या पायाचा अंगठा हलला. मग घोटा. मग गुडघा. मामांचं वरचं अंग अजून रुसलेलं होतं आणि खालचं अंग लग्नाला आलं होतं. शेवटी खालच्याने वरच्याला उचललं. मामा फेट्याचा शेमला हातात धरून नाचत मांडवाकडे निघाले आणि सगळ्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

हिलाल मास्तरांनीही टाकला. तेवढंच चुकलं.

चाल तुटली. मामा जागच्या जागी थबकले. चेहऱ्यावरून आनंद उतरला आणि आठवण चढली. "मनी मयत काढी," ते पुटपुटले आणि भर रस्त्यात बसले.

मास्तरांनी घाईने फुंकलं. मामा उठले.

आम्ही दोन-तीनदा करून बघितलं. खात्री झाली. बँड वाजतो तोवर मामा व्याही, बँड थांबला की मामा मयत.

"म्हणजे आता थांबायचंच नाही," नाना म्हणाले.

"कुठपर्यंत?" मास्तरांनी डोळ्यांनीच विचारलं, कारण तोंड गुंतलेलं होतं.

"गाडी गावाबाहेर जाईपर्यंत."

लग्न कसं लागलं, त्याचं वर्णन आजही मी केलं की बाहेरगावचे लोक मला खोटारडा म्हणतात. मामा नवरदेवाच्या पाठीमागे उभे होते, म्हणजे उभे असे नव्हतेच. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक धीरगंभीर आवाजात सुरू केलं, पण बँडपुढे ते कोणाला ऐकू जाईना, तेव्हा नाइलाजाने ते ठेक्यात शिरले. दुसऱ्या कडव्याला त्यांनी एक तान घेतली, जी त्यांना कोणी मागितली नव्हती. 'सावधान' बरोबर ढोलाच्या ठोक्यावर पडत होतं. लोक अक्षता ताल धरून टाकत होते, त्यामुळे त्या एकदम येऊन लागायच्या. अंतरपाट धरणारे दोघे डोलत होते, म्हणून नवरा-नवरीने एकमेकांना मुहूर्ताच्या बऱ्याच आधी, थोडंथोडं करून पाहून घेतलं. सुनंदा ओठ दाबून हसत होती. नवरदेव मुंडावळ्यांच्या आत हसत होता. टाळ्या पडल्या. लग्न लागलं.

"झालं!" मी नानांना मिठी मारून म्हणालो.

"काय झालं? पोरगी अजून मांडवात आहे," नाना म्हणाले. "मोडायचं ठरवलं तर जेवणातही मोडतात."

जेवण वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. आता बँड त्या गतीने चालू असताना माणूस कोणत्या गतीने खाणार? पहिली पंगत अशी जेवली की वाढपी पळताना दिसायचे तेवढे, वाढताना दिसायचे नाहीत. घास, घास, ठोका. घास, घास, ठोका. दुष्काळात महिनामहिना भाकरीचा तुकडा मोडून खाणारी माणसं ढोलाच्या तालावर बट्टी फोडत होती.

"मास्तरले म्हणा, जरा हळू," माय पदराने वारा घेत म्हणाली. "दुसऱ्या पंगतीले काही उरायचं नाही!"

मी मास्तरांना खूण केली. चाल मंदावली. लोक चावून खाऊ लागले. पण तिकडे मामांचे गुडघे वाकायला लागले.

"जोरात!" नाना ओरडले.

"हळू!" माय ओरडली.

"मामा बसतील!"

"बट्टी संपेल!"

शेवटी मी मध्यम मार्ग काढला. मामांना पंगतीत न बसवता नाचता नाचता भरवलं. एका बाजूने मी बट्टी, दुसऱ्या बाजूने नवरदेवाचा भाऊ वरण. वरणाचं नेमकं कुठे काय झालं ते मामांचा सदरा बघून कळत होतं. पण मामा खुशीत होते. "वा! वा! गंज मज्या शे!" म्हणत होते, आणि वऱ्हाडातले लोक एकमेकांना सांगत होते की बघा, जामनेरकडची माणसं पाहुणचाराला किती चांगली, माणसाला बसूसुद्धा देत नाहीत.

पाठवणीची वेळ आली तेव्हा हिलाल मास्तरांचे ओठ सुजून वांग्यासारखे झाले होते. ट्रंपेटवाला मांडवाच्या खांबाला टेकून झोपेतच वाजवत होता. तरी उडतं गाणं चालू होतं, आणि मामा गाडीच्या दारापुढे फुगडीला जोडीदार शोधत होते. आम्हाला वाटलं, पोचलो काठाला.

तेवढ्यात ताईबाई आत्या आडवी आली. आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण. आमच्या घराण्यातल्या सगळ्या मुली तिने रडून सासरी पोचवल्या होत्या.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली. "पोरगी सासरी निघाली का जत्रेला? पाठवणीचं गाणं लावा. रडू आलं पाहिजे."

"अक्का, पाया पडतो तुमच्या," नाना म्हणाले. "रडकं वाजलं की मामा बसतील."

"बसू द्या! न रडता पोरगी गेली तर गाव काय म्हणेल? म्हणतील, घरात नकोशी होती! सुनंदे, रड!"

सुनंदाने प्रामाणिक प्रयत्न केला. तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, पण खांदे ठेक्यात हलत होते. तिला हसू आलं.

"हिलाल," आत्या गरजली, "पाठवणीचं!"

"उडतं!" नाना म्हणाले.

"पाठवणीचं!"

हिलाल मास्तरांनी आत्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि म्हणाले, "फू." एवढंच आलं. ओठ संपले होते. मागचे सगळे त्यांच्याकडे बघून थांबले. ढोल थांबला.

शांतता. मामा मांडवात शिरल्यापासून पहिल्यांदा. गाडीच्या टपावर बसलेल्या चिमण्यांचा आवाज यायला लागला.

मामांचा एक पाय हवेत होता. तो हळूहळू खाली आला. चेहऱ्यावरचा आनंद उतरायला लागला. गुडघे वाकले. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "बसले वाटतं." नानांनी डोळे मिटून घेतले.

आणि सुनंदा गाडीच्या पायरीवरून खाली उतरली. शालूसकट, मुंडावळ्यांसकट. मामांच्या समोर आली आणि त्यांच्या आधी धप्पकन धुळीत बसली.

"मी रुसले," ती म्हणाली.

मामा अर्धे वाकलेले तसेच राहिले.

"लग्न माझं," सुनंदा म्हणाली, "आणि सकाळपासून सारी गाणी तुमच्यासाठी. मले एकदा तरी कोणी विचारलं, का बाई, तुले काय ऐकायचं? मी नाही येत पिंपळनेरला."

वऱ्हाडाचे चेहरे पांढरे पडले. आपला मामा रुसणं वेगळं आणि पदरात पडलेली सून रुसणं वेगळं. मामांना उठवायची जबाबदारी आमची होती. नवरीला उठवायची जबाबदारी त्यांची, आणि त्यांच्यात वडील माणूस कोण? सगळे मामांकडे बघायला लागले. मामांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

ते सरळ झाले. मिशी पुसली. तीत वरण होतं.

"ऊठ माय," ते म्हणाले. "असं करतस का? तुले कोनतं गानं जोयजे?"

"बँडवाल्याचे ओठ गेले."

"मंग?"

"मग तुम्ही म्हणा."

"मी?"

"तुमच्यासाठी आम्ही दिवसभर वाजवलं. मामा, माझ्यासाठी एक म्हणा."

मामांनी घसा साफ केला. आमच्या पलीकडच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग मामांनी त्यांच्या आईचं एक जुनं दळणाचं गाणं धरलं. धरलं म्हणजे, त्याला पळून जाता येऊ नये असं धरलं. आवाज घाटात चढणाऱ्या एसटीचा. पहिल्या ओळीला ट्रंपेटवाला जागा झाला. दुसऱ्या ओळीला नवरदेव तोंडाला रुमाल लावून वळला. तिसऱ्या ओळीला मामा, एक बोट कानात आणि दुसरा हात आकाशात, असे रंगले की बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या. हसता हसता मायच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सुनंदाच्याही. ताईबाई आत्या पदर तोंडाला लावून हुंदके देत होती; ते कशाचे होते ते तिलाही सांगता आलं नसतं.

"झालं का समाधान?" मी तिला विचारलं.

"पाणी आलं ना डोळ्याले?" आत्या म्हणाली. "मग झालं."

सुनंदाने हात पुढे केला. मामांनी गाणं न सोडता तो धरला, तिला उठवलं, शालूवरची धूळ झटकली आणि दोघं गाडीत चढली. दार लागलं. गाडी हलली. वळणापर्यंत मामांचा आवाज येत होता, वळणानंतर फक्त गाडीचा. एक कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते कळलं नाही.

मग खरंच शांत झालं. हिलाल मास्तर ओठांवर बर्फ धरून बसले होते. नाना चार पावलं गाडीमागे गेले आणि रस्त्यातच मटकन बसले.

माय धावली. "अहो! आता तुम्ही कशासाठी रुसले?"

"रुसलो नाही," नाना म्हणाले. "सकाळपासून गलका चालला होता. आता जरा रडायला सवड मिळाली."

मायने रस्त्याच्या टोकाकडे बघितलं.

"रडा," ती म्हणाली. "पण कडेला सरका. पाण्याचा टँकर येतोय."

नाना कडेला सरकले आणि नीट बसून पुन्हा सुरुवात केली.